माझी मुलगी मध्यम

मी ज्या शाळेत विज्ञान शिकवते त्याच शाळेत माझी मुलगी सातवीत होती. सातवीच्या दोन तुकड्या आणि विज्ञानाची शिक्षिका मी एकटी, त्यामुळे ती माझ्या हाताखाली येणं टळणार नव्हतं. आम्ही दोघी एकाच स्कूटरवरून यायचो. फाटकाशी ती उतरायची आणि मागे न बघता आत जायची. वर्गात ती मला मॅडम म्हणायची, घरी आई, आणि या दोन्हींत तिनं कधी गल्लत केली नाही.

शाळा वाघोलीत, नगर रस्त्यापासून थोडी आत. वर्गात सगळ्या तऱ्हेची मुलं. ज्यांच्या आजोबांच्या शेतावर आता सोसायट्या उभ्या आहेत अशी मूळ गावातली, आयटीतल्या आईबापांची, आणि वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडून कंपनीत कामाला आलेल्यांची. मीही तिकडचीच, वर्ध्याची. लग्नानंतर पुण्याला आले आणि बोलणं पुणेरी करून घेतलं. आता रागावले तरच जुना सूर निघतो.

माझ्या मुलीला वाचता यायचं नाही असं नाही. पण एक ओळ वाचायला तिला जेवढा वेळ लागे तेवढ्यात बाकीची मुलं पान उलटत. लिहिताना काने-मात्रे भलत्या अक्षरांवर जाऊन बसत. पाचवीत होती तेव्हा आम्ही तिला कर्वेनगरला एका तज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी तिच्याकडून काय काय करून घेतलं, चित्रं लावून घेतली, गोष्टी सांगून घेतल्या, आणि मग आम्हाला शांतपणे सांगितलं की मुलीच्या बुद्धीत काही कमी नाही, वाचन-लेखनाची अडचण आहे, शाळेला कळवा म्हणजे सवलती मिळतील. नवऱ्यानं लगेच मान डोलावली. मी म्हटलं, बघू. दोन वर्षं मी बघतच होते. दुसऱ्यांच्या आयांना मात्र मी पालक सभेत सांगायची की अशा गोष्टी लपवू नका हो, मुलाचंच नुकसान होतं.

त्या वर्षी शाळेनं विज्ञानाचे तास बदलायचं ठरवलं. शिक्षकानं टेबलावर प्रयोग करायचा आणि मुलांनी लांबून बघायचा, हे बंद. मुलांनीच तिघातिघांच्या गटात करून बघायचं. आम्हाला प्रशिक्षण मिळालं. तिथं एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली गेली, ती म्हणजे मुलांचं फसू द्या. प्रयोग फसला की मुलं कारण शोधतात, आणि शिकणं तिथं सुरू होतं. मला ते मनापासून पटलं होतं.

आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, नारायण पेठेतून रोज येतात. बोलतात कमी, आणि जे बोलतात ते संध्याकाळपर्यंत टोचत राहतं. त्यांनी मला गट पाडायला सांगितले. एक हुशार, एक मध्यम, एक कच्चा असा प्रत्येक गट असावा, म्हणजे वर्ग सारखा चालेल. शिक्षक खोलीत हे शब्द आम्ही रोजच वापरतो, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मी भराभर गट पाडत गेले आणि माझ्या मुलीपाशी येऊन थांबले. कच्च्यांत तिचं नाव घालणं मला जमेना. मी ते मध्यमांत घातलं.

आता तिच्या गटात एक कच्चं मूल हवं होतं. मी वाशीमकडून वर्ष सुरू झाल्यावर आलेली एक मुलगी घेतली. वडिलांच्या कामापायी तिची शाळा मधले काही महिने बुडली होती, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. तिला कच्ची ठरवताना मी थांबले नाही. तिसरी, म्हणजे हुशार, गावातल्या एका जुन्या घरातली मुलगी होती, तोंडाची फटकळ आणि हिशेबात पक्की.

कोणाला कोणता शिक्का लागला हे मी मुलांना सांगितलं नव्हतं. त्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. कामंही त्यांनी आपापसात वाटून घेतली. हुशारानं प्रयोग करायचा, मध्यमानं निरीक्षण लिहायचं, कच्च्यानं सामान आणायचं आणि शेवटी धुवून ठेवायचं. सगळ्या गटांत असंच झालं आणि वर्ग इतका सुरळीत चालू लागला की मी खूश होते.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मध्यम ठरवून मी माझ्या मुलीच्या वाट्याला नेमकं लिहायचं काम आणलं आहे.

पण ती लिहीत नव्हती. मी टेबलांमधून फिरताना बघितलं, माझी मुलगी चंचुपात्र धुवायला नळाशी उभी होती आणि वाशीमची मुलगी खाली मान घालून भराभर लिहीत होती. अक्षर चांगलं, वाक्यं सरळ. मी जवळ गेले तशी तिनं पेन खाली ठेवलं. मी काहीच न बघितल्यासारखं पुढे गेले. त्या तासाला मला दोन गोष्टी कळायला हव्या होत्या, की ही मुलगी कच्ची नाही, आणि माझी मुलगी तिच्या आडोशानं दिवस काढते आहे. मला कळल्याही. मी गट बदलले नाहीत. बदलले असते तर का बदलले हे कोणाला तरी सांगावं लागलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर विद्युतचुंबकाचा पाठ आला. लोखंडी खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळायची, तिची टोकं सेलला जोडायची, की खिळा चुंबक होतो आणि टाचण्या उचलतो. तार मी मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणली होती. या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो. टोकांवरचा तो थर खरवडून काढल्याशिवाय वीज आत जात नाही, आणि तार तांब्याच्याच रंगाची दिसत असल्यामुळे हे पटकन ध्यानात येत नाही. माझा बेत असा होता की हे मुलांना सांगायचंच नाही. सगळ्यांचं फसेल, मग ती सेल तपासतील, खिळा बदलतील, आणि शेवटी तारेकडे बघतील.

आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी सांगितलं की उद्या त्या माझ्या तासाला मागे बसणार आहेत. प्रत्येक गटाशी थोडं बोलेन म्हणाल्या.

मला पुढचं सगळं दिसलं. त्या माझ्या मुलीसमोर उभ्या राहतील आणि म्हणतील, वाच बरं काय लिहिलंयस. सगळा वर्ग ऐकेल. सकाळी प्रार्थनेच्या आधी मी प्रयोगशाळेत ताटल्या लावत होते. सामान तेच, प्रत्येक ताटलीत खिळा, सेल, तार, टाचण्या. मी पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि माझ्या मुलीच्या गटाच्या तारेची दोन्ही टोकं घासली. काम एवढंसं होतं. त्यांचा चुंबक लगेच चालला तर मोठ्या बाई बघतील, शाबास म्हणतील आणि पुढे जातील, असा माझा हिशेब.

तास सुरू झाला. ठरवल्याप्रमाणे सगळ्यांचं फसलं. कुरबुर सुरू झाली, सेल उतरलाय मॅडम, खिळा गंजका आहे मॅडम. आणि तेवढ्यात त्या एका टेबलावर टाचण्या खिळ्याला जाऊन चिकटल्या. गावातली मुलगी हात उंच करून खिळा सगळ्यांना दाखवत होती. अर्धा वर्ग तिकडे धावला. मोठ्या बाईही मागून उठून आल्या आणि त्यांनी विचारलं, यांचंच का चाललं?

गावातली मुलगी म्हणाली, आम्ही तार एकदम घट्ट गुंडाळली म्हणून. ती खोटं बोलत नव्हती. तिनं खरंच घट्ट गुंडाळली होती आणि तिला दुसरं कारण दिसत नव्हतं. झालं, सगळी मुलं आपापल्या टेबलाकडे गेली आणि जोर लावून तार घट्ट करू लागली. एकाची तुटली. कारण शोधायची वेळ आली होती तेव्हाच मी वर्गाला चुकीचं कारण पुरवलं होतं, तेही हुशार मुलीच्या तोंडून, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

मोठ्या बाई माझ्या मुलीकडे वळल्या. तुला काय वाटतं, म्हणाल्या.

अशा गोष्टी सांगताना लोकांना आवडतं की वाचनात मागे असलेलं मूल हातानं तरबेज निघावं. माझी मुलगी तशी नाही. तिचे हातही सावकाश चालतात. पण तिला विचारलं की ती खरोखर बघायला लागते, समोरच्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत. ती शेजारच्या टेबलाशी गेली, त्यांच्या तारेचं टोक बघितलं, परत आली, आपलं बघितलं.

"आमच्या तारेची टोकं चकाकतायत," ती म्हणाली. "त्यांची नाहीत. आम्हाला ती तशीच मिळाली."

तिच्या मनात काहीच नव्हतं, जे दिसलं ते तिनं सांगितलं. गावातल्या मुलीनं तार उचलून डोळ्यांजवळ नेली, मग माझ्याकडे बघितलं. मग एकेक करत बाकीच्यांनी बघितलं. माझ्या हातात खडू होता, तो मी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिले. 

मोठ्या बाई म्हणाल्या, "असं का. म्हणजे तारासुद्धा हुशार, मध्यम आणि कच्च्या असतात." आणि त्या निघून गेल्या.

मुलांनी कंपासच्या टोकानं आपापल्या तारा खरवडल्या. सगळ्यांचे चुंबक चालले. कोणाला त्यात विशेष आनंद झाला असं दिसलं नाही. उत्तर आयतं मिळालं होतं.

मधल्या सुट्टीत मी स्वतःच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते. मी सांगायला सुरुवात केली की माझ्या मुलीला वाचनाची अडचण आहे, तपासणी झालेली आहे, वगैरे. त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या की हे त्यांना पाचवीपासून माहीत आहे. मराठीच्या बाईंना माहीत आहे, गणिताच्या सरांना माहीत आहे. तिचे पेपर तपासणाऱ्या कोणाला कळणार नाही? मी येताना शिक्षक खोलीतलं बोलणं का थांबतं आणि लगेच चहाचा विषय का निघतो, हे मला तेव्हा कळलं.

"मग मला कोणी बोललं का नाही?" मी विचारलं.

"अहो, आपण शिक्षिका आहात," त्या म्हणाल्या. "आपण सांगाल म्हणून आम्ही वाट बघत होतो. आता आम्हाला सांगू नका. त्या वर्गाला काय सांगायचं ते बघा."

इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं असं समजत होते ते सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं. ते त्यांनी चांगुलपणानंच केलं होतं. तरी त्या दिवशी मला शिक्षक खोलीत जाऊन डबा खाववला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी स्कूटरवरून परतलो. घरी आल्यावर तिनं पाय धुतले, ताटलीत चिवडा घेतला आणि विचारलं, आमचीच तार का घासलेली होती? मी म्हणाले, बघत होते घासली जाते का, चुकून तीच ताटली तुमच्याकडे आली. हेही मी बोलून गेले, सकाळचं एक खोटं कमी होतं म्हणून. तिनं बरं म्हटलं. थोड्या वेळानं ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"ती माझं लिहून देते. तिला रागावू नकोस," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, तू मला कच्च्यात घाल ना. तिथं लिहावं लागत नाही. तिला मध्यम कर."

मी कणीक मळत होते. हात तसेच परातीत राहिले. माझ्या मुलीला कच्ची म्हणवून घ्यायची लाज वाटत नव्हती. ती मला वाटत होती, आणि ती झाकायला मी तिला रोज तासाला अशा जागी बसवत होते जिथून तिला उठून नळाशी पळावं लागत होतं. मी तिला जवळ घेतलं नाही, हात पिठाचे होते, आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही. मी एवढंच म्हणाले की तार मी मुद्दाम घासली होती. ती म्हणाली, माहीत आहे.

पुढच्या तासाला मी वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की त्या गटाची तार मी आधीच खरवडली होती, त्यामुळे त्यांचा चुंबक आधी चालला, घट्ट गुंडाळण्याशी त्याचा संबंध नव्हता. का खरवडली, हे सांगायला माझी जीभ उचलेना. मुलांनी ते विचारलंही नाही. त्यांना ते माहीत असणार. गावातली मुलगी तेवढी उठून उभी राहिली.

"आम्हाला तवाच कळलं हाय, मॅडम," ती म्हणाली. "पण मग आमचं धरायचं का नाय?"

मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, मग आम्हाला नवी तार द्या. बरोबरच होतं तिचं. माझ्यामुळे तिचं यश खोटं ठरलं होतं आणि वर्गात तिची चेष्टा झाली होती, हे मला ती उभी राहीपर्यंत सुचलंही नव्हतं.

लाखेच्या थराचं गुपित आता उरलं नव्हतं, म्हणून मी प्रश्न बदलला. जास्तीत जास्त टाचण्या उचलायच्या तर काय काय बदलून बघाल? आणि कामं ठरलेली राहणार नाहीत, प्रत्येकानं सगळं करायचं. जे दिसेल ते लिहा, चित्र काढा किंवा मला तोंडी सांगा, तिन्ही चालेल. हे मी सहज बोलल्यासारखं बोलले. पहिल्याच दिवशी असं करायला काय हरकत होती, ते मला सांगता येणार नाही.

माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा तिनं तार गुंडाळायला घेतली आणि ती वेडीवाकडी होऊ लागली. गावातल्या मुलीचे हात शिवशिवत होते. तिनं एकदोनदा तार ओढून घ्यायचा प्रयत्न केला. माझी मुलगी म्हणाली, थांब. मी फळ्याजवळ उभी होते आणि जागची हलले नाही, एवढंच त्या तासातलं माझं काम. वेढे एकावर एक चढले, मध्येच सुटले, तिनं पुन्हा सुरू केलं. त्यांच्या टाचण्यांची बेरीज इतर गटांपेक्षा कमी भरली आणि घंटा झाली. बाहेर पडताना गावातली मुलगी वाशीमच्या मुलीला म्हणत होती, हिच्यापायी आपण मागं पडलो. मला ऐकू आलं. माझ्या मुलीलाही आलं असेल. ते खरं होतं.

मग पालक सभा आली. वाशीमच्या मुलीची आई कामावरून तशीच आली होती, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात होतं. तिची माझी ही पहिली भेट. तिच्या बोलण्यात माझ्या माहेरचा सूर होता, आणि मी पुणेरी बोलत होते. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "आमची कच्ची हाये ना जी, मॅडम. जरा सांभाळून घ्या. तिचे बाबा म्हणतात, पुढच्या साली शिकवणी लावू."

हा शब्द मी तिच्यापुढे कधी उच्चारला नव्हता. तो मुलीबरोबर घरी गेला होता, बापापर्यंत पोचला होता, आणि आता तिच्या शिकवणीची बोलणी चालली होती. मी म्हणाले, ती कच्ची नाही. ती म्हणाली, गटात तसंच लावलं ना तिला, तिनं सांगितलं. तिला वाटलं मी तिचं मन राखायला बोलते आहे. जितकं मी नाही म्हणावं तितकी ती समजूतदारपणे मान हलवी.

शेवटी मी खरं ते सांगितलं. म्हटलं, माझी स्वतःची मुलगी त्याच गटात आहे, तिला नीट वाचता-लिहिता येत नाही, आणि तुमची मुलगी तिचं सगळं लिहून देत होती. तुमची कच्ची नाही, गट पाडताना चूक माझी झाली. चूक म्हटलं मी. खरं तर मला ती चूक म्हणवत नव्हती, पण दुसरा शब्द तिच्यापुढे तोंडातून निघेना. मागे दोन पालक उभे होते, त्यांनीही ऐकलं असेल.

 मला वाटलं आता ती रागावेल, आणि रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं टेबलावरून हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

"होईल जी, मॅडम, सुधारल तुमची," ती म्हणाली. "आमचीला सांगते, अजून थोडी मदत करत जाय म्हणून."

मी मान खाली घालून पुढच्या पालकांना बोलावलं.

माझी मुलगी आता आठवीत आहे. तज्ज्ञांचं पत्र आम्ही शाळेत दिलं. परीक्षेत तिला जास्त वेळ मिळतो आणि तिनं सांगितलेली उत्तरं लिहून घ्यायला लेखनिक मिळतो. गट मी आता चिठ्ठ्या टाकून पाडते आणि दर पाठाला बदलते. त्यात अडचणी येतात. कधी एकाच गटात तिघंही अडखळणारी येतात आणि तासभर काही होत नाही, कधी हुशार मुलांचे पालक येऊन बोलतात. मी ऐकून घेते. शिक्षक खोलीत मी ते तीन शब्द वापरत नाही, पण मुलांनी ते सोडलेले नाहीत. परवा जिन्यात कोणीतरी वाशीमच्या मुलीला कच्ची म्हणून हाक मारली. हसत मारली, आणि तिनंही हसत ओ दिली. मी वरच्या पायरीवर उभी होते. खाली जाऊन त्या मुलाला रागवावं असं वाटलं, पण ते नाव आम्हाला कोणी शिकवलं, असं त्यानं विचारलं असतं तर?

मी जिन्यावरून खाली उतरले आणि तिला म्हटलं, तुझा तास आहे ना आता, चल. ती माझ्याबरोबर चालू लागली.